रिठी

ऑफिसातलं माझं काम तसं सरळ आहे. अमेरिकेतल्या काउंट्यांचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांचे, आकडे गोळा करायचे, साफ करायचे आणि नकाशावर रंगवून वरच्या लोकांना दाखवायचे. सप्टेंबरात असाच एक नकाशा चालू होता आणि त्यात काही काउंट्या सारख्या त्रास देत होत्या, म्हणजे माणसं इतकी कमी की चार जण इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी एकदम आभाळात नाहीतर पाताळात. मीटिंगमधे कोणीतरी म्हणालं, अरे पाच हजाराच्या खालच्या सगळ्या काढून टाक ना, तिथं आहे कोण. मी म्हटलं ठीके. फिल्टर टाकला, लोकसंख्या पाच हजारापेक्षा जास्त, एंटर. कॅन्ससचा नकाशा, ज्यात एकूण १०५ काउंट्या आहेत, पश्चिमेकडून उंदरानं कुरतडल्यासारखा दिसायला लागला. जिथं रंग होते तिथं राखाडी चौकोन आले. बाकी नकाशा मात्र एकदम छान झाला, रंग नीट वाटले गेले, मीटिंग दहा मिनिटं आधी संपली.

संध्याकाळी लॅपटॉप बंद करायच्या आधी सहज माऊस फिरवत होतो तर अगदी वरच्या बाजूला, नेब्रास्काच्या हद्दीला चिकटलेला एक राखाडी चौकोन दिसला, जवळजवळ कंपासपेटीतल्या पट्टीनं आखल्यासारखा चौरस. नाव आलं स्मिथ काउंटी. २०२० च्या जनगणनेत माणसं ३,५७०. आणि मग आठवलं की अलास्का आणि हवाई सोडून जी काय सलग अमेरिका आहे तिचा भौगोलिक मध्यबिंदू म्हणतात तो ह्याच काउंटीत आहे, लेबनन नावाच्या गावाजवळ. म्हणजे मी नकाशाचा बरोब्बर बेंबीचाच भाग पुसून टाकला होता. हसू आलं, आणि घरी जाताना मात्र ते "तिथं आहे कोण" डोक्यात अडकून बसलं. त्याहून जास्त माझं "ठीके".

त्याच सुमारास आईबाबा नागपूरहून माझ्याकडं, कॅन्ससला आलेले. धाकटा भाऊ डेन्वरला असतो, आईच्या गुडघ्यांना गाडीतले दहा-अकरा तास झेपणार नाहीत म्हणून तिला विमानानं पुढं पाठवलं आणि बाबा म्हणाले मी गाडीनंच येतो, वरून ढग काय पहायचे. सगळे लोक आय-७० नं जातात. मी हायवे ३६ घेतला, वरचा, दोन लेनचा. बाबांना सांगितलं की ट्रॅफिक कमी असतं. हे खोटं नव्हतं, पण खरं कारण तेही नव्हतं.

बाबा भूमी अभिलेखमधून रिटायर झाले, भूकरमापक होते. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हा शब्द माहीत असेल, मोजणीवाले साहेब. आमच्या लहानपणी घरात टिपण, फाळणी, गट नकाशा हे शब्द असे असायचे जसे दुसऱ्यांच्या घरी क्रिकेटचे स्कोअर. त्यामुळे बाबांबरोबर प्रवास म्हणजे ते डोंगर-झाडं बघत नाहीत, हद्दी बघतात. मेरीसव्हिल सोडलं, बेलव्हिल गेलं, मॅन्केटो गेलं, आणि बाबा बराच वेळ गप्प. मला वाटलं झोपले. तर एकदम म्हणाले, "काहून रे, हे रस्ते बरोबर मैला-मैलावर फुटून राहिले ना?" मी मीटरवर पाहिलं. खरंच, दर मैलाला उजवीकडं डावीकडं एकेक कच्चा रस्ता, खडीचा, नाकासमोर सरळ, टेकाड आलं तरी वळत नाही, टेकाडावरून तसाच पलीकडं उतरतो.

मग मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं आणि उरलेलं बाबांनीच मला सांगितलं. म्हणजे असं की इथं आधी चौकोन आले आणि मग माणसं. सहा मैल बाय सहा मैलाची एक टाउनशिप, तिच्यात छत्तीस सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक मैल बाय एक मैल, ६४० एकर. स्मिथ काउंटी साधारण तीस मैल बाय तीस मैल, म्हणजे पाच गुणिले पाच, पंचवीस टाउनशिपा. वरची हद्द म्हणजे चाळीसावा अक्षांश, तीच कॅन्सस-नेब्रास्काची सीमा आणि तीच ह्या सगळ्या मोजणीची बेसलाइन. साखळी कोणती वापरली, हा बाबांचा पहिला प्रश्न. गंटर साहेबाची, सहासष्ट फुटी. बाबांचा चेहरा असा फुलला की बस. कारण आपली ३३ फुटी साखळी म्हणजे तिचीच अर्धी, ३३ बाय ३३ चा एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. "म्हणजे एका सेक्शनमधे २५,६०० गुंठे," असं तोंडी काढून बाबा काचेबाहेर बघत बसले, आणि मग स्वतःशीच, "न बांधाचं भांडण, न वहिवाटीचं. आमच्या खात्याचे लोक इथं उपाशी मरतील."

मधेच एका ठिकाणी खडीचा रस्ता उगाचच थोडा बाजूला सरकून पुढं गेलेला दिसला, दात तुटल्यासारखा. मी म्हटलं बघा, चुकले. बाबा म्हणाले चुकले नाहीत, पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडं जाताना रेखांश जवळ येतात, चौकोन सपाट कागदावर बसतात पण गोळ्यावर बसत नाहीत, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर रेघ दुरुस्त करून घ्यावी लागते. पंधरा वर्षं मी ह्या राज्यात गाडी चालवतोय आणि ते तिरके जोड मला रस्ते बांधणाऱ्यांचा आळस वाटत होता.

बाहेर ऑक्टोबर. ऊन आपल्याकडच्या दिवाळीसारखं, पिवळं आणि पातळ, पण वारा थांबायचं नाव नाही. गाडी त्या वाऱ्यानं सारखी एका अंगाला ओढली जायची. काही शेतांत नुकताच पेरलेला गहू बोटभर वर आलेला, इतका कोवळा हिरवा की ऑक्टोबरात तो रंग विचित्र वाटतो, तो बर्फाखाली झोपून जूनमधे कापणीला येणार. काही शेतं कापून मोकळी. आणि दर आठ-दहा मैलांवर दूर क्षितिजावर पांढऱ्या उभ्या नळकांड्या, धान्याचे एलेव्हेटर, म्हणजे उंच कोठारं. गाव दिसायच्या आधी पंधरा मिनिटं ते दिसतं आणि गाव मागं पडल्यावर पंधरा मिनिटं आरशात रहातं, आपल्याकडं देवळाचा कळस दिसावा तसं. गाव त्यामानानं दोन मिनिटांचं.

लेबननला वळलो. २०२० ला इथं १७८ माणसं. मेन स्ट्रीट इतकी रुंद की आमच्या सीताबर्डीची तिच्यात दोनदा घडी घालता येईल, दोन्ही बाजूंना विटांच्या बिल्डिंगी, काहींच्या आत छतच नाही, दारातून आभाळ दिसतं. कुठंतरी एलेव्हेटरचे पंखे एकसुरी घुमत होते, बाकी वारा. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध बसलेलं, गाडी पाहून उठलं नाही, मीच वळसा घातला.

मध्यबिंदू गावाच्या वायव्येला, दोन-अडीच मैलांवर. तिथं जायला एक स्वतंत्र राज्य महामार्ग आहे, के-१९१, आणि तो जेमतेम मैलभराचा. संपतो तिथं दगडी चौथरा, वर झेंडा, बाजूला पाच-सहा माणसं मावतील एवढं लाकडी चर्च. १९१८ मधे सरकारी सर्व्हेवाल्यांनी देशाच्या आकाराचा पुठ्ठा कापला, टोकावर तोलून धरला आणि जिथं तो डुलायचा थांबला तो मध्य. बस एवढंच. बाबांना हे मी सांगितल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. पुठ्ठा? असं दोनदा विचारलं. त्यातही तो खरा बिंदू निघाला एका शेतकऱ्याच्या खाजगी जागेत आणि त्याला लोकांची वर्दळ नको होती, म्हणून १९४० च्या सुमारास गावकऱ्यांनी चौथरा बांधला तो अर्धा-एक मैल अलीकडं. तिथं एक मोटेलही काढलं होतं, की लोक मध्य बघायला येतील, रहातील. फारसे कोणी आले नाहीत. मग १९५९ मधे अलास्का आणि हवाई देशात आले आणि मध्य उचलून साउथ डकोटात गेला, तेव्हापासून इथं "सलग अमेरिकेचा" असं विशेषण लावून घ्यावं लागतं.

आता हे नागपूरच्या माणसाला सांगायचं म्हणजे. झिरो माइलच्या बाजूनं बाबांच्या स्कूटरवर पुढं उभं राहून मी किती वेळा गेलो असेन. ते चार घोडे, तो वालुकाश्माचा खांब, आणि जबलपूर, चांदा, हैद्राबाद, इंग्रजांच्या वेळच्या स्पेलिंगात कोरलेली अंतरं. भारताचा मध्य इथं, असं शाळेत छाती फुगवून सांगायचो. मोठं झाल्यावर कळलं की तो मुळात सर्व्हेचा दगड आहे, आणि मध्य म्हणाल तर तो आता मध्य प्रदेशात कटनीकडं करौंदीला दाखवतात. पण नागपूरकर काही ऐकत नाहीत आणि लेबननवालेही ऐकत नसावेत. फरक इतकाच की आमच्या झिरो माइलला आता मेट्रोचं स्टेशन आहे, आणि इथल्या चौथऱ्यापाशी व्हिजिटर बुकात आमच्या आधीची नोंद कालची होती.

बाबांनी चौथऱ्याला हात लावला, खालून वाकून पाहिलं, जसं ते हद्दीचा दगड हलवलाय का ते बघायचे. मग म्हणाले, "इथं उभं राहून काय वाटतं मालूम आहे का? की मोजणारा येऊन गेला न राहणारे आलेच नाहीत."

पण आले होते, हीच तर गंमत आहे. गाडीत बसल्यावर मी त्यांना आकडे वाचून दाखवले. १८७० च्या जनगणनेत ह्या काउंटीत माणसं ६६. हो, सहासष्ट. (त्याआधी इथं कोणी नव्हतं असं मुळीच नाही, पॉनी लोक इथं रानरेड्यांच्या शिकारीला यायचे, १८३३ च्या करारात ही सगळी जमीन त्यांच्याकडून घेतली गेली, पण जनगणनेच्या रकान्यात ते नाहीत. तोही एक फिल्टरच, माझ्याआधीचा.) १८८० मधे १३,८८३. दहा वर्षांत. कारण १८६२ चा होमस्टेड कायदा, पाच वर्षं राहून जमीन कसा आणि १६० एकर तुमची. झाडं नाहीत म्हणून लोकांनी गवताच्या मुळांसकट मातीच्या विटा कापून घरं बांधली. कॅन्ससचं जे राज्यगीत आहे त्याचे शब्द इथल्याच एका ओढ्याकाठच्या केबिनमधे लिहिले गेलेत. १९०० मधे १६,३८४, आणि तो शिखर. त्यानंतर प्रत्येक जनगणनेत, न चुकता, कमी. १९३० च्या दशकात, धुळीच्या आणि मंदीच्या वर्षांत, एकदम तीन हजार कमी. मग १९५० ला ८,८४६, २००० ला ४,५३६, २०१० ला ३,८५३.

बाबा मधेच म्हणाले थांब. खिशातून पेन, आणि पेट्रोलच्या पावतीच्या मागं हिशोब. बाबांना मोबाइलमधे कॅल्क्युलेटर आहे हे माहीत आहे पण त्यांचा त्याच्यावर भरवसा नाही. नऊशे सेक्शन. एका सेक्शनचे चार पाव, प्रत्येकी १६० एकर. म्हणजे ३,६०० पाव. एका पावावर एक कुटुंब, कुटुंबात साडेचार माणसं धर. सोळा हजार दोनशे. आणि शिखर किती म्हणालास? सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी. शाळेसाठी राखलेले सेक्शन, गावातले दुकानदार, हे सगळं इकडं तिकडं धरूनसुद्धा, चौकोनांत जितकी माणसं मावतात तितकीच आली होती. बाबा असे खुश झाले जसं दोन टोकांकडून आलेल्या साखळ्या इंचात जुळाव्यात.

मग त्यांनी आजचा आकडा विचारला. ३,५७०. पावतीवर वरती ३,६०० लिहिलेलंच होतं. दोघंही ते बघत बसलो.

जिथं एक घर, तिथं एक माणूस.

तसे ते वाटून राहत नाहीत म्हणा, दीडेक हजार तर एकट्या स्मिथ सेंटरमधे आहेत, ते काउंटीचं मुख्य गाव. त्याच गावाच्या शाळेच्या फुटबॉल टीमनं २००४ ते २००९ सलग ७९ सामने जिंकले होते, एवढ्याशा शाळेनं. सीडर नावाचं एक गाव आहे तिथली लोकसंख्या दोन आकडी आहे. आमच्याकडं नागपूर जिल्ह्यात २०११ ला दर चौरस किलोमीटरला ४७० माणसं होती, इथं दीड. माझ्या चुलतभावाच्या लग्नात हजार पानं उठली होती. अशी साडेतीन लग्नं केली की काउंटी संपली.

पुढं एका खडीच्या रस्त्यावर बाबांनी गाडी थांबवायला लावली. मला वाटलं लघवी. ते उतरले आणि सरळ शेताच्या कडेला गेले. कमरेएवढं पीक, तांबूस-विटकरी कणसं, अख्ख्या सेक्शनभर एका उंचीची जशी वरून कात्री फिरवलीय. "अरे हे तं ज्वारी आहे!" बाबा इतक्या मोठ्यानं ओरडले की मी दचकलो. इथं तिला माइलो म्हणतात, ते मला माहीत होतं, आणि दरवर्षी ती मी गाडीतून पहात होतो, पण माइलो म्हणजे ज्वारी हे डोक्यात कधी उजेड पडल्यासारखं झालंच नव्हतं, कारण ज्वारी म्हणजे माझ्या डोक्यात डोक्याच्या वर जाणारी, आत शिरलं की आई हाका मारेल अशी. ही ठेंगणी, मशीनच्या सोयीची. बाबांनी एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून फोलपट उडवलं, लाल दाणे उरले, त्यातले चार तोंडात टाकले आणि दाढेखाली कडक् करून फोडले. डोळे बारीक करून. "ओल आहे अजून. दोन-तीन दिवस थांबा लागते."

आणि मागून पिकअप आली.

मला घाम फुटला. कॅन्ससमधे, दुसऱ्याच्या शेतात, हातात दुसऱ्याचं कणीस. बाबांनी तर कणीस पाठीमागं लपवलं, सत्तर वर्षांचा माणूस, मोजणी खात्यातला. पिकअप हळूच बाजूला थांबली, काच खाली, आत साठी-पासष्टीचा माणूस, टोपी, मान उन्हानं भाजून तांबडी. गाडी बंद पडली का, एवढंच विचारलं त्यानं. मी म्हटलं नाही नाही, हे माझे वडील, भारतातून आलेत, आमच्याकडं पण हे पीक असतं. मग तो इंजिन बंद करून उतरलाच. बाबांनी नाइलाजानं कणीस पुढं आणलं. त्यानं ते पाहिलं, काही बोलला नाही, स्वतः एक कणीस मोडलं, चोळलं, फुंकलं, दाढेखाली घातलं. तसंच. त्याच क्रमानं. माझ्या वडिलांनी दोन मिनिटांपूर्वी केलं होतं त्याची कोणी नक्कल करावी तसं, फक्त त्यानं पाहिलं नव्हतं.

काय म्हणतात ते, त्यानं विचारलं. मी म्हटलं, म्हणतायत ओल आहे, दोन-तीन दिवस थांबा. तो हसला. चौदा टक्क्यांच्या वर ओल असली तर एलेव्हेटरवाले पैसे कापतात, गुरुवारी मशीन घालणार आहे म्हणाला. त्या दिवशी सोमवार होता. बाबांना मी सांगितलं तर ते अगदी साहेबासारखे मान हलवून म्हणाले, बरोबर.

तुमच्याकडं ह्याचं काय करता, हा त्याचा प्रश्न. भाकरी, बाबा म्हणाले, आणि हवेतच थापून दाखवली. त्यानं आयुष्यभर पिकवलंय पण एकदाही खाल्लेलं नाही म्हणाला, हे जनावरांना जातं, इथेनॉलला जातं, चीनला जातं. मग बाबांनी विचारायचा तोच प्रश्न विचारला, शेती किती. चार हजार एकर, थोडी आपली, बरीचशी दुसऱ्यांची, शहरात गेलेल्यांची. तो, जावई आणि सीझनला एक गडी. बाबांनी लगेच तोंडातल्या तोंडात भागाकार केला, मला कळलं, पंचवीस पाव, पंचवीस घरं. शेताच्या मधोमध कुठं उगाच चार झाडं दिसली, त्यानं हात लांब करून दाखवलं, की समजायचं तिथं घर होतं. ते पलीकडं सीडरच्या झाडांची रांग दिसते ना, तिथं माझ्या आईचा जन्म. आता वखर अडतो म्हणून ती झाडं काढायचीत, पण दरवर्षी राहून जातं. हे तो अशा आवाजात बोलला जसं आपण गळका नळ दुरुस्त करायचा राहिलाय म्हणतो. दुःखबिख काही नाही. किंवा असेल, मला त्यांच्या आवाजातलं दुःख ओळखता येत नाही अजून.

आमच्या गावात माणसं किती, असं त्यानं जाताजाता विचारलं. बाबांना नागपूर म्हणजे पंचवीस लाख पाठ आहे. मी अडीच मिलियन असं सांगितलं. त्यानं टोपी मागं सरकवली, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, मग गाड्या कुठं लावतात? मी भाषांतर केल्यावर बाबा इतके हसले, की डोळे पुसत म्हणाले, "सांग त्याले, लावत नाहीत, सोडून देतात."

निघताना त्यानं ते कणीस बाबांच्या हातात परत दिलं, आणि पिकअप वळवून जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं. फक्त एक, तर्जनी. इथल्या कच्च्या रस्त्यांवर समोरून येणारा प्रत्येक जण असं करतो, ओळख असो नसो. सकाळपासून चार-पाच जणांनी केलं होतं आणि मी दर वेळी हात हलवायचं ठरवेपर्यंत ते मागं गेलेले.

रात्री पुढच्या एका गावात मोटेल. बाबा पलंगावर पेपर पसरून त्यावर दाणे काढत बसले, घरी न्यायचे म्हणून, मी कस्टमवाल्यांची भीती घातली तेव्हा भावाच्या कुंडीत लावू म्हणाले. तेव्हा मी त्यांना ते ऑफिसातलं सांगितलं. पाच हजाराच्या खालच्या काढल्या ते. मला वाटलं होतं ते म्हणतील काम आहे, करावं लागते. ते दाणे निवडत राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडं रिठी असते ना."

रिठी म्हणजे उजाड गाव. विदर्भात सातबाऱ्यावर, नकाशावर, मौज्याच्या नावापुढं कंसात लिहिलेलं असतं. कधीकाळी वस्ती होती, पटकी आली, पाणी आटलं, दरोडे पडले, किंवा का उठली ते कोणालाच आठवत नाही. काळी म्हणजे शेतं आहेत, पांढरी म्हणजे वस्ती गेली. एखादी पडकी विहीर, एक शेंदूर फासलेला मारुती, तरवडाची झुडपं. लहानपणी एकदा बाबा मला अशा एका रिठीवर मोजणीला घेऊन गेले होते, मी तिथं खापराचा तुकडा उचलला तर मजूर ओरडले होते, टाक म्हणे खाली, कोणाच्या घरातलं आहे कोणास ठाऊक. "तिथं एक माणूस नाही राहत," बाबा म्हणाले, "पण यादीत मौजा असते. तलाठ्याले दप्तर ठेवावं लागते. जनगणनेवाला पण येतो न शून्य लिहून जातो. शून्य लिहितात रे. काढत नाहीत."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. काटोलच्या पुढं आमचंही गाव आहे. घराला कुलूप आहे, किल्ली चुलत्यांकडं, शेत मक्त्यानं दिलेलं, आणि मक्त्याचे पैसे जीपेवर येतात तेव्हाच मला त्या शेताची आठवण होते. तिथं संत्र्याच्या धुऱ्यावर एक चिंच आहे, जिथं आजोबांचा गोठा होता. बाबांनी स्वतः ते गाव सोडलं, मला नागपूर सोडायला लावलं, कोचिंगचे पैसे भरले, विमानतळावर पेढे वाटले, आणि आता मोटेलच्या पलंगावर बसून मला शून्याचं महत्त्व सांगतायत. हे मी बोललो नाही. दिवा बंद केल्यावर बऱ्याच वेळानं अंधारातून त्यांचाच आवाज आला, "आपल्या गावाच्या शाळेत औंदा किती पोरं आहेत, विचारून पाहा लागते."

डेन्वर झालं, आई भेटली, कुंडीत दाणे लावले, ते उगवले की नाही ते भावानं सांगितलेलं नाही. पुढच्या सोमवारी ऑफिसात नकाशाची फाइल पुन्हा आली, काहीतरी रंग बदलायचा होता. मी फिल्टरच्या ओळीवर गेलो. सगळा काढून पाहिला, नकाशा परत खरजेसारखा भडकला, तो तसा कोणाला दाखवता आला नसता, हेही खरंच. मग पाच हजाराच्या जागी ३,५०० टाकलं. वर नेब्रास्काच्या हद्दीला चिकटून एक चौरस हिरवा झाला, त्याच्यासोबत आणखी काही इकडं तिकडं, बाकीचे राखाडीच. ३,५०० च का, असं कोणी विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. कोणी विचारलं नाही.

नंतर बाबांसारखाच पावतीच्या मागं हिशोब केला. ३,५७० मधून ३,५०० गेले, माझ्याकडं सोय सत्तर माणसांची. आधीच्या दहा वर्षांत तिथले २८३ कमी झाले होते, म्हणजे वर्षाला अठ्ठावीस-एकोणतीस. २०२० पासून अडीच वर्षं धरली तर माझी ती सोय, मी फिल्टर बदलायच्या आधीच, संपलेली असणार. आकडा जुना आहे म्हणून चौकोन हिरवा आहे. पुढची जनगणना २०३० ला.